पाळण्यातलं बदक

सासूबाय दारात, आनि पाळण्यात त्यांचं लाडकं बदक! त्या गावाला जाताना बदक माझ्यावर सोपवून गेलत्या, आनि ते लंगडाय लागलं. म्हनून मी भिऊन शेजारच्या इनकर आप्पांना बोलावलं हुतं; ते मागावर लुगडी इनतात, पन बदकांचं औषधपानीबी जानतात. आप्पा मानसांवर खेकसतात, बदकांना मातुर ‘आक्का’ म्हनतात. त्यांनी मिठाच्या कोमट पान्यात पाय भिजवला, तळव्याच्या गाठीवर हळद लावून चिंधी बांधली. मग “आक्कानं आज चालायचं न्हाय,” म्हनत माझं बाळ उचलून मांडीवर घेतलं आनि बदक पाळण्यात निजवलं.

“नातू कुठाय माझा?” सासूबाय वरडल्या.

“हळू बोल गं! ह्यो घे. ह्येचं पाय बरं हायत,” आप्पा मांडीवरचं बाळ म्होरं करत खेकसलं.

सासूबायनी आधी बदकाचाच पाय बघितला, आनि मला म्हनल्या, “बघत काय बसलीयास? झोका दे.”

मी दिला. तुमी काय केलं असतं?