आत्याने धुतलेली स्लाइड

आमच्या वर्गातली सगळी पोरं जिला मावशी म्हणायची, ती माझी सख्खी आत्या. कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती मदतनीस होती. बरण्यांवरची धूळ पुसायची, सूक्ष्मदर्शकांवर कापडी टोप्या चढवायच्या, बेडकाच्या सांगाड्याचा निखळलेला पाय तारेने बांधायचा, सगळं तिच्याकडे. आणि त्या वर्षी ती माझ्याबरोबर त्याच परीक्षेला बसली होती. तास सुरू व्हायच्या आधी टेबलं पुसायची, मग त्यातल्याच एका टेबलाशी स्टूल ओढून आमच्यात बसायची, आणि तास संपला की पुन्हा हातात फडकं. तिची भाची म्हणून मला सुरुवातीला लाज वाटेल असं सगळ्यांना वाटलं होतं. मला कसली लाज? घरी गृहपाठ सांगायला हक्काचं माणूस मिळालं होतं. फक्त सांगायचं मी आणि ऐकायचं तिने.

तिला रुग्णालयाच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ व्हायचं होतं. त्या पदवीच्या प्रवेशासाठी जीवशास्त्राची लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्ही परीक्षा पास व्हायला हव्यात. आजोबांच्या आजारपणात तिचं शिक्षण सुटलं ते सुटलंच. आता वयाची अट अशी की हे वर्ष हातचं गेलं तर पुढे प्रवेशाचं नाव काढायची सोय नव्हती. आत्या हे कधी बोलून दाखवायची नाही. पण अभ्यास करताना मधेच पेन खाली ठेवून भिंतीकडे बघत बसायची, तेव्हा काय चाललंय ते घरात सगळ्यांना कळायचं.

"प्रात्यक्षिकाची तू कशाला काळजी करतेस? प्रयोगशाळा म्हणजे तुझं घरच," असं बाबा उठता बसता म्हणायचे.

घर कसलं! प्रात्यक्षिकातच तर तिची बोंब होती. इतकी वर्षं तिने सूक्ष्मदर्शक पुसले होते, त्यातून पाहिलं कधीच नव्हतं. पहिल्यांदा डोळा लावला तेव्हा ती एकदम ओरडली, "अगं बाई, केवढाले केसाळ जंतू!" त्या तिच्याच पापण्या होत्या. पुढच्या आठवड्यात तिने एका हवेच्या बुडबुड्याची सुरेख आकृती काढली आणि तिला पेशी, केंद्रक वगैरे नावंही दिली. वर्ग पोट धरून हसला. तीही हसली, आणि मग तिने चंगच बांधला.

खोडाचा आडवा छेद घ्यायचा म्हणजे कोवळ्या खोडाचा ब्लेडने इतका पातळ काप काढायचा, की त्यातून उजेड आरपार गेला पाहिजे. आत्याने हा सराव घरच्या भाजीवर सुरू केला. गाजर, काकडी, देठ, काही म्हणून सुटेना. आमच्या ताटात असे काप पडू लागले की बाबा चष्मा लावून जेवायला बसत. "आज कोशिंबीर आहे की नुसता तिचा भास?" असं एकदा त्यांनी विचारलं, तर आत्याने दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. पण हात बसला. लेखी परीक्षाही बरी गेली. उरलं फक्त प्रात्यक्षिक.

त्या दिवशी बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक आले होते. उंच, हळू आवाजात बोलणारे, आणि चेहऱ्यावर माशी बसली तरी हलायची नाही असे. आमच्या सरांनी एका कोपऱ्यात गप्प उभं राहायचं, मध्ये बोलायचं नाही, असा नियम. आत्याच्या वाट्याला आला सूर्यफुलाच्या खोडाचा आडवा छेद. मी शेजारच्याच टेबलावर होते. तिने काप काढले, पाण्यात तरंगवले, त्यातला सगळ्यात पातळ काप कुंचल्याने उचलला, तांबड्या रंगात बुडवून स्लाइडवर ठेवला. मग सूक्ष्मदर्शकातून बघून आकृती काढली. तिचा चेहरा खुलला होता. मी निर्धास्त होऊन माझ्या कामाला लागले.

परीक्षक माझं आटपून तिच्याकडे गेले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, चाक फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"स्लाइड कुठे आहे?"

आत्याने सूक्ष्मदर्शकाकडे पाहिलं. मग बेसिनकडे. मग स्वतःच्या ओल्या हातांकडे.

"धुतली, सर."

"धुतली?"

"धुऊन, पुसून डब्यात ठेवली." तिचा आवाज इतका बारीक झाला की मलाच जेमतेम ऐकू आला. "काम झालं की लगेच धुवायची, डाग बसायच्या आत... रोजचं आहे, सर. हात आपोआप गेला."

कोपऱ्यात सरांनी डोळे मिटून घेतले. ओल्या स्लाइड तशाच टाकल्या म्हणून सर तिला किती बोलायचे, ते आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं होतं. आता बोलायची परवानगी त्यांनाच नव्हती.

परीक्षकांनी तिची आकृती उचलून पाहिली आणि खाली ठेवली. "नुसत्या आकृतीला गुण देता येत नाहीत. छेद मला दिसला पाहिजे."

"हो, सर."

"वेळ अजून संपलेली नाही. पुन्हा करा. मी इथेच उभा आहे."

ते खरंच उभे राहिले, हाताची घडी घालून. आत्याने नवीन खोड घेतलं. पहिला काप जाडजूड निघाला, दुसरा तिरका, एका बाजूला गलेलठ्ठ तर दुसऱ्या बाजूला नाहीच. तिने ब्लेड खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं, आता ही रडणार. पण तिने पदराला हात पुसले, एक मोठा श्वास घेतला आणि परीक्षकांना म्हणाली, "सर, तुम्ही जरा पलीकडे बघता का?"

आणि काय आश्चर्य, ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले!

मग मात्र ब्लेड सरसर चाललं. रंग, पाणी, वरची काच सुईने अलगद टेकवली, एक बुडबुडा नाही. परीक्षकांनी डोळा लावला. चाक हळूहळू फिरवत सगळा छेद पाहिला.

"हे कशाचं खोड आहे, ते यात कशावरून ओळखाल?"

"वाहिन्यांचे जुडगे गोलात आहेत, सर. म्हणजे द्विदल. एकदल असतं तर विखुरलेले दिसले असते."

"बरोबर. छेद चांगला आलाय. पहिला पण असाच होता?"

"पहिला याहून बरा होता, सर," आत्या म्हणाली. त्या माणसाचा चेहरा हलताना आम्ही पहिल्यांदा पाहिला. तो हसला.

बाहेर आल्यावर आत्या पायरीवर मटकन बसली आणि हसता हसता रडायला लागली. मी पण. निकाल लागायचा होता, तरी आमचा जीव भांड्यात पडला होता. तो निकाल लागला तेव्हा ती दोन्हींत पास होती. फार मोठे गुण नव्हते, पण प्रवेशाला पुरेसे होते. बाबांनी निकाल तीनदा मोठ्याने वाचला, जणू ऐकणारे बहिरे होते.

दुसऱ्या दिवशी ती सरांना सांगायला गेली, मीही मागोमाग. आता प्रवेश मिळणार हे ऐकून सरांनी तिचं तोंड भरून कौतुक केलं. मग त्यांची नजर आजूबाजूच्या कपाटांवरून फिरली आणि तोंड वाकडं झालं.

"म्हणजे तुम्ही जाणार. मावशी, आता हे सगळं बघायला मी माणूस कुठून आणू? हा एवढा पसारा कोण आवरणार?"

इतक्या वर्षांत आत्याने सरांना "हो, सर" याशिवाय दुसरं उत्तर दिलेलं कोणी ऐकलं नव्हतं. ती जवळचं स्टूल ओढून ऐसपैस बसली.

"ते आता तुम्ही बघा, सर," ती म्हणाली.