मायचं थंड पथ्य

तमाम लोकांस या जाहीरनाम्यानं कळविण्यात येतं की, मनुष्याच्या अंगातली कामवासना ही धणे, लसूण, उडीद, तीळ आणि वांगं यांच्या हुकमतीखाली चालत असून तिच्यावर खुद्द त्या मनुष्याचा अगर त्याच्या बायकोचा काहीएक हक्क नाही. सदर बाब माझ्या सत्ताविसाव्या वर्षी माझ्याच ताटात सिद्ध झालेली आहे. कोणाची हरकत असल्यास ती आमच्या मायकडे नोंदवावी. मी नोंदवून पाहिली होती.

अक्कलकुव्याच्या कचेरीत मी तेव्हा उमेदवार कारकून होतो. उमेदवार म्हणजे काम पुरं आणि बूड अर्धं टेकलेलं. खात्याची परीक्षा पास झाल्याशिवाय कायम करत नसत, आणि त्या परीक्षेत मी दोनदा नापास झालो होतो. कारण साधं होतं. मुलकी कायद्याची कलमं माझ्या डोक्यात शिरत नव्हती. पण साधी कारणं आमच्या घरात कोणी घेत नसे. मायनं माझ्या दोन्ही नापाशींचा तपास केला. पहिल्या खेपेला माझ्या लग्नाला सहा महिने झाले होते आणि दुसऱ्या खेपेला दीड वर्ष, एवढं तिला आढळलं. त्यापुढे तिनं पुरावा मागितला नाही.

घरात आम्ही चौघंच. माय, आबा, मी आणि बायको. माझ्या सहाही बहिणी, वरच्या दोन आणि पाठच्या चार, आपापल्या सासरी गेल्या होत्या. आबा निवृत्त शाळामास्तर. परमेश्वरानं दिलेलं सगळं बोलणं त्यांनी वर्गात खर्च करून टाकलं होतं आणि घरी ते अडकित्त्याच्या आवाजावर भागवत.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बायको माहेरी गेली आणि मायनं जाहीर केलं, "परीक्षा व्हस तवलोंग तिले तठेच राहू दे. तू पुस्तक दख, तिनाकडे नको दखू."

बायको बावीस वर्षांची. आमचं दोघांचं लग्न उशिराच जमलेलं. तिला वडील नव्हते, मला कायमची नोकरी नव्हती. माहेरी तिचा भाऊ होता, आणि भावापेक्षा बऱ्याच अधिक प्रमाणात वहिनी होती. ही वहिनी नणंदेला भाकरी वाढताना भाकरीकडे असं बघे, की भाकरीलाच लाज वाटावी. पंधरा दिवसांत बायको भावाला घेऊन, गाडीनं दोन दिवसांची वाट तुडवून परत आली आणि ओट्यावर पेटी ठेवून मायला म्हणाली, "तुम्ही सांगशात तसं मी राहसू. पण मले तठे नका धाडू."

मायनं अटी घातल्या. सून रात्री स्वयंपाकघरात मायजवळ निजेल. मी बाहेर ओट्यावर निजेन. माझं अंग थंड राहील असं पथ्य चालेल. आणि एवढं करूनही जराशी गडबड दिसली, तर त्याच दिवशी गाडी जुंपून सून माहेरी. बायकोनं सगळं कबूल केलं. मला कोणी विचारलं नाही. त्या खटल्यात मी वादी नव्हतो, प्रतिवादी नव्हतो, मी नुसती वादातली जमीन होतो.

पथ्य लिहून दिलं गावातल्या वैद्यानं. थोर माणूस. त्याच्या दुकानाला दोन दारं होती. पुढच्या दारानं आया यायच्या, मुलांना थंड करायला. मागच्या दारानं तीच मुलं यायची. मायला त्यानं सांगितलं की लसूण, कांदा, उडीद, तीळ, वांगं, गूळ ही सगळी आग आहे. पोराला पहाटे रात्रभर भिजवलेल्या धण्यांचं पाणी द्या, जेवणात मूग, दुधी आणि ताक. खानदेशातल्या माणसाच्या ताटातून लसूण आणि वांगं काढल्यावर मागे काय उरतं, ते मी सांगतो. ताट उरतं.

मायनं वैद्याच्या यादीत स्वतःच्या पदरची एक भर घातली. बाजाराच्या दिवशी डोंगरातून पावरा जमातीची एक बाई टोपली घेऊन आमच्या दारी यायची. पावसाळ्यात तिच्याकडे एक भाजी असे, लांब हिरवी पाती, दिसायला कांद्याच्या पातीसारखी पण वास नाही. तिचं नाव आमच्या घरात कोणी कधी विचारलं नाही. आम्ही तिला डोंगरातली भाजी म्हणायचो. माय ती उकडून, मीठ घालून, तेलाचा नुसता वास दाखवून करायची. अन्नाचा गुण ओळखायची मायची कसोटी सोपी होती. जे खाताना माणसाला जगावंसं वाटत नाही, ते थंड.

"गोड नही, तिखट नही, आंबट नही," माय माझ्या ताटात तिसऱ्यांदा वाढत म्हणाली. "म्हंजे थंडच. तू जन्मना तवपासून मी हाई तुन्हा आबाले खावाडस. दख, त्या कशा शांत शेतस."

मी आबांकडे बघितलं. आबा शांत होते. ती भाजी समोर असताना कोण बोलणार होतं.

तीन आठवडे मी धणे प्यालो. मग एके दिवशी वैद्यानं मला रस्त्यात गाठलं आणि गुरुजींनी पाढा विचारावा तसं विचारलं, "धण्याचं पाणी किती दिवस झाले?"

"तीन आठवडे."

"हं," वैद्य म्हणाला.

माझ्या आयुष्यात इतका महागाचा 'हं' मी दुसरा ऐकला नाही. त्यानं खांद्यावर हात ठेवून मला मागच्या दारानं आत नेलं आणि समजावलं की धणे गुणी आहेत, पण गुण जास्त झाला की माणूस कायमचा गार होतो, मग परीक्षा पास होऊन तरी काय करायचं. त्यावर उतारा एकच. सातपुड्यातली पांढरी मुसळी. बोटाएवढ्या, वाळलेल्या, पांढऱ्याफेक मुळ्या त्यानं लाल फडक्यात बांधून दिल्या आणि दुधात उगाळून घ्यायला सांगितलं. पाणी त्याचं, पाण्यावरचा उताराही त्याचाच. पुढे कार्तिकात मी परीक्षा पास झालो, तेव्हा या माणसानं दोन्ही दारांनी श्रेय घेतलं.

दूध मायच्या कुलपात होतं. म्हणून मी मुसळी कोरडीच चावायचो. कायद्याच्या पुस्तकांची माझी एक पेटी होती, तिच्या तळाशी ते लाल फडकं असे. रोज संध्याकाळी एक कलम मोठ्यानं म्हणायचं आणि एक तुकडा चावायचा. चव पाटीवरच्या पेन्सिलीसारखी. शेतसाऱ्याच्या तहकुबीचे नियम मला आजही आठवले, की दातांत कचकच होते. माय दर गुरुवारी त्या पेटीला हळद-कुंकू लावून हात जोडायची. तेव्हा माझ्या मुसळीला वैद्याच्या गुणाशिवाय देवाचीही साथ होती.

आता अशी स्थिती होती की सकाळी धणे मला थंड करत, दुपारी भाजी आणखी थंड करे, संध्याकाळी मुसळी मला तापवे, आणि रात्री मी ओट्यावर पडून अंगाची चौकशी करायचो, की बाबा रे, तू नक्की कोणाच्या बाजूनं आहेस. अंग म्हणायचं, भूक लागलीये.

आषाढी एकादशीपासून देवळात पोथी लागली. माय दुपारी जायची, आबांना बरोबर न्यायची, कारण वाचणाऱ्याच्या चुका काढायला कोणीतरी शिकलेलं माणूस हवं. पोथी दोन तास चाले. कचेरीची दुपारची सुट्टी त्याच सुमाराला असे. एका दुपारी मी घरी आलो तर बायको दाराशी उभी होती.

"आई पोथीले गयात," ती म्हणाली. "पाणी पेतस का?"

"धणानं?"

"नही. साधं."

त्या साध्या पाण्याबद्दल मी जास्त काही लिहिणार नाही. एवढंच नोंदवतो की मायनं माझ्या ताटावर कडक पहारा बसवला होता, पण घड्याळावर कोणीच बसवला नव्हता.

पोळा झाला आणि चार दिवसांनी पहाटे बायको माझ्यासाठी धणे गाळत होती. वास नाकात गेला तशी ती पदर तोंडाला लावून परसात धावली. दुसऱ्या दिवशीही तेच. मायची सात बाळंतपणं झालेली. तिला नाडी बघावी लागली नाही. पहिल्या क्षणी तिचं तोंड असं उजळलं, की मला वाटलं सुटलो. दुसऱ्या क्षणी तिला पथ्य आठवलं.

तिनं आम्हां तिघांना स्वयंपाकघरात उभं केलं.

"लसूण कोणी दिना?"

कोणी दिला नव्हता.

"तीळ?"

"घरमा तीळच नहीत," बायको म्हणाली.

मायनं एकेक भांडं नाकाशी नेलं. तेलाची बुधली बघितली. उडदाचा डबा हलवून बघितला, तो रिकामाच वाजला. मग कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "मग कसं व्हयनं?"

आबा, मी आणि बायको, आम्ही तिघांनी तीन वेगवेगळ्या भिंतींकडे बघितलं. उत्तर त्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, खुद्द विचारणारीलाही. पण एवढ्या मोठ्या शास्त्रापुढे इतकं किरकोळ उत्तर द्यायचं कोणी.

"अट ती अट," माय म्हणाली. "सकाळे गाडी."

सकाळी गाडी खरंच दारात आली. बैलांच्या शिंगांवर पोळ्याचा लाल हिंगूळ अजून ताजा होता. गाडीवाल्यानं पेटी चढवली. बायको ओट्यावर लुगडं सावरून बसली होती. रडत नव्हती, नुसती रस्त्याकडे बघत होती. पावसानं त्या रस्त्याला रस्ता म्हणण्यासारखं काही ठेवलं नव्हतं. अशा दिवसांत दोन दिवस गाडीचे हादरे, पुढे वहिनीची भाकरी, आणि पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं म्हणजे परीक्षा संपली तरी सुटका नाही. माझं मूल मला थेट दात आलेलंच दिसलं असतं. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. दोष काढणारं ते बघणं नव्हतं, त्यामुळं जास्तच लागलं.

मी आत गेलो, पुस्तकांची पेटी उपसली आणि लाल फडकं आणून मायपुढे उलटं केलं.

"तिना काही दोष नही," मी म्हणालो. "मी हाई खात व्हतू. मुसळी शे. मले धाड कोठे धाडनं ते."

माय आधी मुळ्यांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"या पेटीले मी हळद-कुंकू लावस," ती म्हणाली. आवाजात रागापेक्षा देवाची माफी जास्त होती.

त्या दिवशी बाजार होता. पावरा बाई नेहमीसारखी आली होती आणि टोपली उतरवून पायरीवर बसली होती. गाडी, पेटी, रडवेला मुलगा, असा तमाशा फुकट मिळत असताना ती भाजी विकायची घाई कशाला करील. मुळ्या सांडल्या तशी तिनं एक उचलली, हुंगली आणि हसली. मग टोपलीतून भाजीची जुडी काढली. हंगाम सरत आलेला, पाती राठ झालेली, म्हणून या खेपेला तिनं झाडं मुळासकट उपटून आणली होती. जुडीखाली पांढऱ्या, ओल्या, बोटाएवढ्या मुळ्यांचा झुपका लोंबत होता. तिनं वाळकी मुळी त्याच्या शेजारी धरली. ओळख पटवायला पंच बोलवायची गरज नव्हती.

"हाई याच भाजीनं मूळ शे," ती म्हणाली. "पाला आम्ही खातस. मूळ तुमना वैदले देतस."

"पण पाला थंड शे ना?" मायनं विचारलं. इतक्या केविलवाण्या आवाजात तिला बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं.

"काय जानू माय," बाई म्हणाली. "भूक लागस म्हनीसन खातस."

मायच्या डोळ्यांपुढून आषाढापासूनची ताटं जाताना मला स्पष्ट दिसली. आठवड्यातून तीनदा, स्वतःच्या हातानं, आग्रह करकरून. लसूण कोणी दिला नव्हता, तीळ कोणी दिले नव्हते. मी जी चोरून कोरडी चावत होतो, तीच माय मला राजरोस मीठ घालून वाढत होती. आता सुनेला गाडीत बसवायचं तर शेजारी मायलाही बसावं लागलं असतं.

"बैल सोड," ती गाडीवाल्याला म्हणाली. मग सुनेकडे न बघता, "तू आत जा. ते धणानं पाणी फेकी दे. आन ती पेटी उतारी ले रे."

बायको उठली. माझ्या शेजारून जाताना ती पदराआड हसली, हे मी शपथेवर सांगतो. गाडीवाला पेटी उतरवू लागला. पावरा बाईनं विचारलं, भाजी घेता का. मायनं जुडी उचलून तिच्या टोपलीत परत ठेवली.

एवढ्यात अडकित्त्याचा आवाज थांबला. आबा सुपारी हातात तशीच धरून बसले होते, आणि दुसऱ्या हाताचं एकेक बोट दुमडत कसला तरी विचार करत होते. चार बोटं दुमडून झाल्यावर त्यांनी मायकडे बघितलं, आणि भर ओट्यावर, गाडीवाला, पावरा बाई आणि सून यांच्यासमोर विचारलं, "म्हंजे मन्ह्या धाकल्या चारी पोरी भाजीन्या शेतस का?"