फाट्यावर थांबलेली गाडी

आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळाचा नियम एकच. वळणावर थांबायचं, मागची गाडी आरशात दिसली की मगच वळायचं. पुढची गाडी दिसेनाशी झालीच, तर मागच्याने जागचं हलायचं नाही; पुढचा शोधत परत येतो. नोकरीसाठी पुण्याहून मैसूरला आल्यावर मी या मंडळात शिरलो, तेव्हा मला हा नियम म्हणजे शाळेची सहल वाटला होता.

त्या रविवारी आम्ही पाच गाड्या घेऊन धरणाकडे निघालो. नाश्ता नऊला, धरणापलीकडच्या हॉटेलात. मी चौथा. माझ्या मागे काका, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मैसूरच्या मराठी घरातले निवृत्त मास्तर. गाडी त्यांच्या वडिलांची, चाळीसच्या वर न जाणारी. शेजारी काकू. त्यांची डिकी पाण्याच्या कॅननी भरलेली, म्हणून काकूंची पिशवी माझ्या डिकीत होती.

चाळीसच्या वेगाने माझं डोकं फिरतं. बेळगोळच्या फाट्यावर मी थांबलो. आरसा रिकामा. पुढचे तिघे वळून गेलेले. दोन मिनिटं कशीबशी काढली. मग ‘असंच चाललं तर नाश्ता नाही, जेवणच मिळेल’ असं पुटपुटत मी गाडी काढली. इथलेच आहेत, रस्ता पाठ असेल.

साडेनऊ झाले तरी काका आले नाहीत. “येतायत मागून,” मी सगळ्यांना बेधडक सांगितलं. मग हळूच गाडीपाशी जाऊन त्यांना फोन लावला. तो माझ्याच डिकीत वाजला.

काकूंच्या पिशवीत काकांचा फोन होता, डबा होता आणि इन्सुलिनचं पेन. निघताना काकू म्हणाल्या होत्या, “इंजेक्शन घेतलंय मी. नऊला तिंडी, नाश्ता पाहिजेच, हां.” आणि मी हसून मान डोलावली होती.

परतीचा रस्ता मी कसा कापला, मला आठवत नाही. रविवार असल्याने रस्त्याकडेचे कारखाने बंद, म्हणून चहाच्या टपऱ्याही बंद. वाटेत कुणाकडे चिमूटभर साखर मिळाली असती असं एक दारही उघडं दिसलं नाही. काकूंना काही झालं तर, एवढंच डोक्यात घुमत होतं.

फाट्यावरच गाडी उभी होती, बॉनेट उघडं. वाट पाहत उभ्याउभ्या उन्हात तापून बंद पडलेली. काकू दाराला टेकून बसलेल्या, घामाने चिंब, बोलणं अडखळत होतं. काका वर्तमानपत्राने वारा घालत होते. मी पिशवी पुढे केली; डब्यातला लाडू त्यांनी चुरून काकूंना भरवला. पाणी, मग आणखी एक लाडू. पंधरा मिनिटांनी काकूंनी डोळे नीट उघडले आणि मला विचारलं, “तू खाल्लंस का रे?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “काका, मी थांबलो नाही,” मी म्हणालो.

“गोत्तु. ठाऊक आहे. लांबून दिसलं, निघून गेलास ते.”

“मग तुम्ही इथे का थांबलात? गाडी बंद पडायच्या आधीच घरी वळायचं ना!”

“तू परत येणार होतास की नाही?”

इंजिन निवल्यावर गाडी सुरू झाली. मी म्हणालो, “आता मी मागे राहतो.”

“बेड, बेड. नको,” काकांनी हात हलवला. “तूच पुढे हो.”

मैसूरपर्यंत मी तिसावर चालवली.