वडगावचे परराष्ट्र खाते

भारताचे शेजारी देशांशी जे काही बरे चालले आहे, त्याचे सगळे श्रेय दिल्लीने एकटीने घेऊ नये. त्यातला थोडा वाटा बेळगावच्या वडगावातल्या आमच्या साडूंचा आहे. आणि जे बिघडले आहे, त्यातला थोडा वाटा माझा. पहिली गोष्ट आमच्या गल्लीत कुणी मान्य करत नाही आणि दुसरी कुणाला ठाऊक नाही, म्हणून या वयात चष्मा पुसून लिहायला बसलो आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, मीही म्हणायचो. धंदा विणकामाचा. पुढच्या सोप्यात माग, मागच्या सोप्यात संसार आणि दोन्हींच्या मधल्या उंबऱ्याशी एक लाकडी खुर्ची. त्या खुर्चीत परराष्ट्र खाते. जन्मभर मागाच्या खडखडाटात बोलल्यामुळे आवाज असा कमावलेला, की काठमांडूशी बोलायला फोन उचलायची गरज पडू नये. सकाळी पेपर आला की ते गावची पाने न उघडताच बायकोच्या, म्हणजे आमच्या आक्कांच्या, हाती द्यायचे आणि परदेशच्या बातम्या घेऊन बसायचे. "गल्लीत काय झालं ते मला पेपरवाल्याच्या आधी कळतंय. शेजारी काय म्हणतोय ते बघायला नको?" श्रीलंकेत पेट्रोल मिळत नाही असे वाचले, तेव्हा त्यांनी आठवडाभर स्कूटर काढली नाही. त्यामुळे श्रीलंकेला किती पेट्रोल मिळाले हे मला माहीत नाही. मला मात्र त्या आठवड्यात त्यांच्याबरोबर सुताची पोती सायकलवर लादून ढकलावी लागली, आणि श्रीलंकेविषयी माझे मत कायमचे बिघडले.

आम्ही सीमाभागातली माणसे. आमच्याकडे 'सीमा' हा शब्द निघाला की हातातला चहा गार होतो. अण्णा तेवढा विषय टाळायचे. "त्ये घरातलं भांडण हाय. माझं खातं परराष्ट्र," म्हणायचे. बाजारात कानडी, घरात मराठी. धागा तुटला की शिवी कानडीत, गिऱ्हाईक तुटले की मराठीत. त्यांचे सगळे अर्थशास्त्र आपल्या बायकांच्या एका रिवाजावर उभे होते: शेजारणीची वाटी रिकामी परत द्यायची नाही. आमटी आली तर वाटीतून लाडू जावा, लाडू आला तर निदान चार मिरच्या तरी जाव्यात. "आयात-निर्यात म्हणजे आनि काय असतंय मास्तर? आन वाटी देताना परत कधी देनार म्हनून कोन इचारतंय का? इचारलं की व्यवहार मेला." मी या सिद्धांताची गावभर टिंगल केली. 'परराष्ट्रमंत्री' ही पदवी त्यांना मीच दिली. ती त्यांनी अशी गंभीरपणे स्वीकारली, की टिंगल करणाऱ्याला आपणच शपथविधीला आल्यासारखे वाटावे.

परदेशी माणूस दिसला की त्यांना राहवत नसे. एकदा बसस्टँडवर पाठीला भलीमोठी पिशवी लावलेला, दाढीवाला, गोरटेला तरुण त्यांनी गाठला आणि आपल्या आंतरराष्ट्रीय हिंदीत विचारले, "आप कौनसे देश से आये? हमारे घर चाय पीने को आना पडेगा." तो म्हणाला, "काका, मी निपाणीचा. आईला भेटायला निघालोय, गाडी चुकंल माझी." अण्णांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "असूं द्या. निपाणीबी शेजारच." त्या मुलाची गाडी खरोखरच चुकली. चहा मात्र झाला.

आता माझ्याविषयी. मी हायस्कुलात हिंदी शिकवत असे. माझ्या हाताखालून गेलेली मुले आज देशभर आहेत आणि जिथे जातील तिथे 'मैं आपको बोल्या था' असे म्हणून माझे नाव काढतात. घरात बायको, शाळेत हेडमास्तर आणि रेल्वेत तिकीट तपासनीस सोडला, तर माझ्या हिंदीवर कुणी कधी शंका घेतली नव्हती. अण्णांचा तर माझ्यावर आंधळा विश्वास. परदेशी माणसाशी बोलणी करायची वेळ आली तर दुभाषी घरचाच आहे, हे ते अभिमानाने सांगायचे. ती वेळ येईल असे मला वाटले नव्हते.

ती आली प्रेममुळे. प्रेम हा आमच्या कोपऱ्यावर मोमो आणि नूडल्सचा गाडा लावणारा नेपाळी. संसारी माणूस, मराठी-कानडी-हिंदी तिन्हींत गिऱ्हाईक करणारा. अण्णा त्याच्या गाड्यावर पोटासाठी कमी आणि द्विपक्षीय चर्चेसाठी जास्त जायचे. मामाला तिकडेही मामाच म्हणतात आणि काकाला काकाच, हे कळले त्या दिवशी त्यांनी हर्षाने घरी येऊन पेढे वाटले. त्याच प्रेमकडून त्यांना कळले की त्याच्या मामांचे नेपाळात डोंगराकडच्या एका गावी कापडाचे दुकान आहे, आणि तिथे तीजेच्या सणाला झाडून साऱ्या बायका लाल साडी नेसतात.

इथे थोडे थांबून सांगितले पाहिजे. त्या सुमारास आमच्या गल्लीतले माग एकेक करून भंगारात चालले होते. बाहेरून छापील साड्या इतक्या स्वस्त यायच्या, की विणकराला सूतसुद्धा त्या भावात मिळत नसे. दुपारी ज्या घरातून खडखडाट ऐकू यायचा, तिथे जाऊन पाहावे तर रिकाम्या सोप्यात दुचाकी उभी. अण्णांचे मागही निम्मे दिवस गप्प असत. ते बोलून दाखवत नसत, पण एकदा म्हणाले, "मास्तर, माग थांबला की मला डुलकीबी लागत न्हाय. कान दुखत्यात शांततेनं." तेव्हा लाल साडीचे कळल्यावर त्यांनी उरलेल्या सुतातून लालबुंद साड्या विणून ठेवल्या. गल्लीचे माग चालू राहायचे, तर त्या साड्या नेपाळला जायला हव्या होत्या. एवढा सगळा भार त्यांनी एका जेवणावर टाकला होता, कारण प्रेमचे मामा भाच्याला भेटायला बेळगावला आले होते.

जेवण रविवारी दुपारी. आक्कांनी मटणाचा तांबडा रस्सा केला होता. प्रेम मामांना दारात सोडून गाड्याचे सामान आणायला बाजारात गेला. "मामांना हिंदी कमी येतं," तो जाता जाता म्हणाला. अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवले. "काय काळजी करू नगंस. मास्तर हायत की."

मामा म्हणजे टोपी घातलेले, शांत, हसऱ्या डोळ्यांचे गृहस्थ. पाटावर बसले, रश्श्याचा पहिला भुरका घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "मिठो!"

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"गोड पायजे म्हनत्यात काय?" अण्णांनी विचारले. "हिंदीत मीठा म्हंजे गोड न्हवं?"

आता माणसाने इथे गप्प बसावे. पण शिक्षकाला येत नाही असे म्हणायची सवय नसते. मी म्हणालो, "मटणात गोड कोण मागतो अण्णा? नेपाळी पहाडी भाषा आहे. तिचं मराठीशी जुनं नातं आहे. ते मीठ मागताहेत."

"मीठ बरोबर हाय," आतून आक्का म्हणाल्या. "मी दोनदा चाखून बघितलंय."

"आक्का, पाहुणे मागताहेत."

मीठ वाढले गेले, तेही माझ्या हाताने. मामांनी ते कालवले, घास घेतला, किंचित थांबले. मग आमचे सगळ्यांचे चेहरे आपल्याकडे लागलेले पाहून, पाहुण्याच्या सभ्यतेने, पुन्हा म्हणाले, "मिठो छ."

"बघा," मी म्हणालो, "अजून कमी आहे." आणि पुन्हा वाढले.

तिसऱ्यांदा मामांनी 'मिठो' म्हणायचे टाळले. त्यांनी ताट स्वच्छ केले आणि तांब्याभर पाणी प्यायले, वर आणखी तांब्याभर. आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांची नजर पाहुण्यावर नव्हती, माझ्यावर होती.

मग साड्या काढल्या. अण्णांनी घडी मोडून पदर पसरला. खोली लाल होऊन गेली. मामांनी हात पुसून पदरावरून बोटे फिरवली, काठ उलटून मागची बाजू पाहिली, मान डोलावली आणि अण्णांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "धेरै राम्रो!"

अण्णा श्वास रोखून माझ्याकडे वळले. मला शब्द अगदी स्वच्छ ऐकू आले. मी म्हणालो, "म्हणतात, देर होतेय. रामराम."

अण्णांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पण ते मंत्री होते. त्यांनी साडीची घडी घातली, उठले, हात जोडले आणि म्हणाले, "रामराम, मामा." आक्कांनीही हात जोडले. मीही जोडले. मामा गोंधळून एकेकाकडे बघत राहिले, मग उठले, हात जोडले आणि चपला घालून बाहेर पडले. शिखर परिषद संपली.

संध्याकाळी प्रेम गाडा सोडून धावत आला. "अण्णा, मामा विचारतायत, जेवण चवदार म्हटलं तर मीठ घातलं, साडी फार छान म्हटलं तर घालवून दिलं. काय चुकलं त्यांचं?"

मिठो म्हणजे चवदार. धेरै राम्रो म्हणजे फार छान. माझे हिंदीचे सगळे आयुष्य त्या गाडेवाल्यापुढे उभे राहिले आणि गुडघ्यात मान घालून बसले.

मामा सकाळच्या गाडीने निघणार होते. अण्णांनी साड्यांचे गाठोडे बांधले, स्कूटर काढली, मला मागे बसवले. फलाटावर गाडी उभीच होती. खिडकीशी मामा दिसले, खाली निरोप द्यायला आलेला प्रेम. मी तोंड उघडले, पण अण्णांनी मला हाताने मागे सारले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "मामा, मीठ हम डाल्या. रामराम भी हम बोल्या. मास्तर का गलती नहीं." प्रेमने ते नेपाळीत सांगितले. मामा पोट धरून हसले. अण्णांनी गाठोडे खिडकीतून आत दिले आणि पदर आठवल्यासारखे बोटांनी हवेत काही पसरत म्हणाले, "राम्रो?" मामा म्हणाले, "राम्रो!" गाडी हलली. भाव नाही, बोली नाही, 'परत कधी देणार?' हा प्रश्न नाही. वाटी दिली होती.

परतताना मी विचारले, "अण्णा, असं का सांगितलंत?"

"मंत्री चुकला तर चालतंय मास्तर," ते पुढे बघत म्हणाले. "मंत्री बदलता येतोय. दुभाष्यावरचा इश्वास गेला तर बोलायचं कुनी?"

इथे मी दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर जाऊन खरे सांगायला हवे होते. मी कट्ट्यावर गेलो, पण तोवर गोष्ट अण्णांच्या नावावर तिथे पोहोचली होती आणि माणसे हसून लोळत होती. मी ती दुरुस्त केली नाही. उलट सुधारली. मग लग्नकार्यात, शाळेच्या संमेलनात, माझ्या निवृत्तीच्या समारंभातसुद्धा ती रंगवून सांगितली, आणि प्रत्येक वेळी त्यात एक शहाणा हिंदीशिक्षक घातला, जो "अण्णा, मीठ नको" असे सांगत होता. गल्लीने त्यांना 'मीठमंत्री' म्हणायला सुरुवात केली. पोरे हाक मारायची, "मीठमंत्री, रामराम!" अण्णा खुर्चीतून हात वर करायचे. मी समोर असलो तर माझ्याकडे बघून म्हणायचे, "व्हय बाबा, माझंच चुकलं. मास्तर सांगत हुते." आणि डोळ्यांत असे हसू, की मला वाटावे, हे मला चिडवताहेत की सांभाळताहेत?

नेपाळची वाटी रिकामी आली नाही. साड्यांचे पैसे आले, आणि त्याबरोबर टिमुर नावाच्या, आपल्या तिरफळासारख्या दाण्यांची एक पुरचुंडी. पुढे दर वर्षी तीजेच्या आधी एक गाठोडे जात राहिले. त्याने देशाची तिजोरी भरली नाही आणि गल्लीतले गेलेले माग परत आले नाहीत. पण अण्णांचे राहिले. शेजारची एक-दोन घरेही त्या लाल साड्या विणू लागली. मामा एका जेवणावर इतकी वर्षे टिकले. खाल्ल्या मिठाला जागणे हे आपण नुसते म्हणतो. त्या माणसाने तर मीठ जरुरीपेक्षा फार जास्त खाल्ले होते.

गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. बाराव्याला जमलेली माणसे हळूहळू बोलती झाली आणि कुणीतरी मिठाची गोष्ट काढली. सगळे डोळे पुसत हसले. मग मला म्हणाले, "सर, तुम्ही सांगा, तुमच्यासारखी कुणाला जमत न्हाय." आणि मी सांगितली. त्या दिवशीसुद्धा, शहाण्या हिंदीशिक्षकासकट. आयुष्यभर मी त्या घरी जेवलो. मिठाला जागला तो डोंगरापलीकडचा माणूस, मी नाही. म्हणून आता लिहून ठेवतो: मीठ मी घातले. रामराम मी म्हणवला. मंत्र्यांची काही चूक नव्हती.

परवा यंदाचे गाठोडे बांधायला आक्कांकडे गेलो होतो. शेजारचा एक विणकर माग चालवत होता, खुर्ची उंबऱ्याशी रिकामी होती. "मास्तर, जेवून जावा," आक्का म्हणाल्या. तांबडा रस्सा होता, वर टिमुर भरडून घातलेले. पहिला भुरका घेतला आणि नकळत तोंडून निघून गेले, "मिठो!"

मान वर न करता आक्कांनी मिठाची वाटी माझ्याकडे सरकवली.

मी चिमूटभर घेतले.