दोन जावा आणि एक गोळी

सणसर गावातली ती घटना अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. निवृत्तीच्या आधी मी बारामतीच्या पोलीस ठाण्यात होतो, तेव्हाची.

तिथल्या एका शेतकरी घरातली धाकटी सून उपवासाच्या दिवशी उसाच्या बांधावर बेशुद्ध पडली. शुगर एकदम उतरली होती. ती आणि तिची थोरली जाऊ, दोघी बारामतीच्या एका दवाखान्यात मधुमेहाच्या नव्या गोळीच्या चाचणीत होत्या. अशा चाचणीत काहींना खरी गोळी देतात, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुणाला कोणती, हे पेशंटलाही ठाऊक नसतं आणि डॉक्टरलाही; गोळ्यांच्या बाटलीवर फक्त पेशंटचा नंबर असतो.

धाकटीचा नवरा भावकी घेऊन ठाण्यात आला. "डॉक्टरनं बाटली बदलली सायेब. आत टाका त्याला." डॉक्टर तरुण पोरगा. गुन्हा दाखल झाला असता तर त्याची डॉक्टरकी तिथेच संपली असती.

घराचा पंचनामा केला. धाकटीच्या फडताळातल्या बाटलीवर थोरलीचा नंबर निघाला. डॉक्टर म्हणाला, "साहेब, बाटली देताना पेशंटच्या अंगठ्यासकट नंबर ब्लॉकचेनवर, म्हणजे कंप्युटरमधल्या नोंदींच्या साखळीवर, चढतो. ती नोंद अनेक कंप्युटरवर एकदम बसते. एकीकडे खोडली तर बाकीचे बोंब मारतात. मलासुद्धा ती बदलता येत नाही." नोंदीत दोघींना आपापलीच बाटली दिलेली होती. म्हणजे अदलाबदल घरातच झाली होती.

खरं सांगतो, त्या साखळीचा मला हेवा वाटला. पोटात दुखलंच. आमच्या पंचनाम्याची कोर्टात वकील चिरफाड करतो, पंच ऐनवेळी फितूर होतात. हिच्यावर मात्र सगळ्यांचा बसल्या जागी विश्वास! पण साखळीची धाव दवाखान्याच्या दारापर्यंतच होती. घरात काय घडलं ते काढायला मीच लागणार होतो, आणि त्याचा मला आनंद झाला.

त्यातच हवालदाराला डेअरीवर खबर मिळाली, की दोघी जावांची बोलचाल बंद आहे. थोरलीला महिला पोलिसासमोर बसवून मी विचारलं, "ताई, तुमची मागची शुगर किती होती?"

"ध्यानात न्हाय सायेब."

"आणि धाकटीची?"

तिनं महिन्यामहिन्याचे आकडे घडाघडा सांगितले. मग एकदम थांबली आणि रडायला लागली.

"तिची शुगर दर म्हैन्याला उतरायची, घरात समदं तिचंच कवतिक. माझी काय केल्या उतरंना. वाटलं, खरी गोळी तिलाच दिलीया. म्हणून बाटली बदलली. तिला मारायचं न्हवतं वो."

जिवावरचा प्रसंग म्हणून डॉक्टरांनी कुणाला कोणती गोळी त्याची सीलबंद यादी उघडून पाहिली होती. खरी गोळी थोरलीलाच होती. तिच्या गुळाच्या चहापुढे त्या गोळीचं काही चालत नव्हतं, एवढंच. मी हे सांगितलं तेव्हा तिनं पदरानं डोळे पुसले. "म्हंजी माझंच औषिद मी तिला दिलं व्हय?"

डॉक्टर सुटला. गुन्हा थोरलीवर नोंदवला.

धाकटी शुद्धीवर आल्यावर मी दवाखान्यात तिचा जबाब घ्यायला गेलो. बाटली बदलण्याआधी, बिनऔषधाच्या गोळीवर तिची शुगर महिन्यामहिन्याला उतरत कशी गेली, हे मला कळत नव्हतं. म्हणाली, "मला वाटायचं, खरी गोळी थोरल्या बाईंलाच मिळालीया. त्यांच्या म्होरं जायचं म्हणून मी रोज कालव्याकडनं चालाय लागले. गोड सोडलं." त्यात उपवास आणि वर खरी गोळी, म्हणून ती बांधावर पडली.

हेव्याला कलम नाही. त्यापायी माणूस काय करतो, त्याला कलम लागतं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत हे मला त्या खाटेशेजारी कळलं.