गर्दी नसलेलं हॉस्पिटल

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा सरकारी हॉस्पिटलात लिफ्टमन होता. अख्खं हॉस्पिटल त्यांना 'वरखाली' म्हणायचं. मोठे डॉक्टरसुद्धा. भाऊजींना त्याचा राग नव्हता. "जन्मभर वरखाली करूनही मी आहे तिथेच," असं स्वतःच म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

त्यांची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. तिच्यात एक स्ट्रेचर मावायचा आणि त्याच्या कडेने माणसं कोंबली जायची. वर बाळंतिणी, त्यांच्या वर ऑपरेशनं, खाली तळघरात शवागार. ज्या लिफ्टमधून सकाळी एखादी बाई कळा देत वर गेली, त्याच लिफ्टमधून दुपारी कुणाचं तरी प्रेत पांढऱ्या चादरीखाली खाली यायचं. नातेवाईक रडायचे, भांडायचे, कोपऱ्यात थुंकायचे. भाऊजी दाराशी स्टुलावर बसून ओरडायचे, "आत सरका, आत सरका, हात सांभाळा." घरी आल्यावर आधी आंघोळ करायचे. ताई म्हणायची, "साबण लिफ्टला लावा, तुम्हाला काय लावता?"

या माणसाची एकुलती एक मुलगी हुशार निघाली आणि तिला डॉक्टरच व्हायचं होतं. इथे प्रवेश थोडक्यात हुकला. मग परदेशाचं निघालं. पैशाचं रडगाणं मी गात नाही. ते कुठल्या घरात नसतं? सोय झाली एवढंच पुरे.

परदेशी कॉलेजांत मुलं पाठवणाऱ्या एका एजंटाच्या ऑफिसात आम्ही सगळे गेलो. गाळत गाळत शेवटी दोन कॉलेजं उरली. एक जुन्या शहरातलं. तिथल्या हॉस्पिटलच्या बोळात बाकांवर, जिन्यावर, जमिनीवर पेशंटच पेशंट. पहिल्या वर्षीच तिथली भाषा शिकावी लागते, कारण पेशंटला दुसरी येत नाही. मुलीने तिथे शिकणाऱ्या एका मुलीला फोन केला होता. ती म्हणाली होती, "मर मर मरशील, पण हाताला सगळं येईल."

दुसरं कॉलेज नवंकोरं. एजंटाने त्याची फिल्म लावली. काचेच्या भिंती, चकचकीत फरशी, आणि शिकवणं सगळं इंग्रजीत. कॅमेरा हळूहळू एका लिफ्टकडे गेला. दार आपोआप उघडलं. आत कुणीच नव्हतं. भाऊजी खुर्चीत पुढे सरकले.

"मागे घ्या जरा," ते एजंटाला म्हणाले. "ते लिफ्टचं परत दाखवा."

त्याने परत दाखवलं. भाऊजींचे डोळे भरून आले. देवळात गेल्यासारखे ते हात जोडायचेच बाकी होते.

"पण भाऊजी, आजारी माणसं कुठेत?" मी आपली गंमत म्हणून विचारलं.

"बरी होऊन घरी गेली असतील," भाऊजी म्हणाले.

मुलगी एकदाच बोलली. "बाबा, मला ते जुन्या शहरातलं हवंय. तिथे शिकायला मिळतं."

"गर्दीच हवी असेल तर माझ्या लिफ्टमध्ये उभी राहा ना! उरावर माणसं घेऊन मी जन्म काढला. तू नाही काढायचास. हॉस्पिटल असावं तर असं."

बापाने आयुष्यात कधी हट्ट केला नव्हता. हा एकच केला आणि तो मुलीच्या पायावर धोंडा होऊन पडला. तिने मान डोलावली. मला तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं, आज आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

पहिली वर्षं पुस्तकांची होती, ती बरी गेली. मग वॉर्ड सुरू झाले आणि फोनवरचा तिचा आवाज बदलला. वॉर्डात पेशंट मोजकेच, आणि जे होते ते शांतता विकत घेऊन आलेले. परदेशी विद्यार्थी दिसले की ते पडदा ओढून घेत. त्यांची भाषा हिला येत नव्हती, कारण शिकायची गरजच पडली नव्हती. मुलं काचेपलीकडून बघायची आणि मग खालच्या मजल्यावर रबराच्या माणसावर हात बसवायची. तिने बाळंतपण केलं तेही रबराच्या बाईचं. बाळही रबराचं.

"चांगलंय की," भाऊजी म्हणाले, "रबराचा माणूस ओरडत तरी नाही." फोनच्या त्या टोकाला कुणी हसलं नाही.

ती पदवी घेऊन परत आली. इथली लेखी परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाली. पुस्तकात ती कुणाला हार जाणारी नव्हती. मग वर्षभर हॉस्पिटलात काम करायचं होतं, आणि नेमणूक झाली वडिलांच्याच हॉस्पिटलात. पहिल्याच आठवड्यात अपघात विभागात पोट धरून कण्हणारी एक बाई आली. वरिष्ठ डॉक्टर म्हणाले, "पोट बघ." हिचे हात त्या बाईच्या पोटावर अधांतरी थांबले, खाली येईचनात. ती बाई तेवढ्या वेदनेतही म्हणाली, "बाई, तुम्ही डॉक्टर आहात की पाहुण्या?" सगळे हसले. वरिष्ठ म्हणाले, "बाजूला हो."

ती बाजूला झाली ती झालीच. वर्ष अर्ध्यात सोडलं आणि एका विमा कंपनीत लागली. तिथे लोकांच्या आजारपणाचे कागद वाचायचे, माणूस समोर येत नाही. ही बातमी भाऊजींना लिफ्टमध्येच कळली, दोन नर्सांच्या बोलण्यातून. त्या दिवसापासून त्यांनी "आत सरका" म्हणणं बंद केलं. माणसं आपली आपण कोंबली जायची.

भाऊजी निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांचे डोळे पिवळे झाले. अंगावरचे कपडे टांगल्यासारखे दिसू लागले. त्याच हॉस्पिटलात, व्हरांड्याच्या कडेची कॉट मिळाली. डॉक्टरांनी ताईला आणि मला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. आम्ही भाऊजींना सांगितलं, कावीळ आहे. मुलीलाही तेवढंच सांगितलं. तिने रिपोर्ट मागितले नाहीत. मला वाटतं, तिला भीती वाटत होती.

सकाळी शिकाऊ डॉक्टरांचा घोळका यायचा आणि एकेक जण भाऊजींचं पोट दाबायचा. शेजारचे पेशंट या शिकाऊंना हाकलून द्यायचे. भाऊजी सदरा वर करून म्हणायचे, "या. आधी हात चोळून गरम करा, मग लावा." मुलगी पायाशी मान खाली घालून बसलेली असायची.

एके दिवशी घोळका गेला तरी भाऊजींनी सदरा खाली घेतला नाही.

"ये," ते मुलीला म्हणाले. "आता तू बघ."

"नको, बाबा."

"का? मी रबराचा नाही म्हणून?"

ताई म्हणाली, "अहो, कशाला छळता तिला?" त्यांनी ताईकडे बघितलंही नाही. "ये बाळा. ओरडलो तरी थांबू नकोस."

ती उठली. तळवे चोळून तिने उजव्या बरगडीखाली बोटं ठेवली. "पोट ढिलं सोडा, बाबा. श्वास घ्या." बोटांना काही लागलं नाही. बोटं खाली सरकवली. पुन्हा श्वास. भाऊजींचा चेहरा वेदनेने वाकडा झाला, पण तोंडातून आवाज नाही. मग तिची बोटं एकदम थांबली आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसला. मरणाऱ्या बापाच्या पोटावर हात ठेवून ती पोर आनंदली होती! तिला एक थोबाडीत द्यावी की पोटाशी धरावं, मला कळेना.

"सापडलं?"

"सापडलं. लिव्हरची कड."

"कशी आहे?"

"कडक. दगडासारखी, खडबडीत..." आणि ती थांबली. पुस्तकात तिने वाचलं होतंच. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"म्हणजे काय समजायचं?"

ताईने माझा दंड घट्ट धरला.

"डॉक्टर," भाऊजी म्हणाले, "पेशंट विचारतोय."

तिने हात न काढता सांगितलं. "कॅन्सर आहे, बाबा. दुसरीकडून लिव्हरमध्ये पसरलाय. बरा होणार नाही."

आम्ही जे महिनाभर लपवलं ते तिने जसंच्या तसं सांगितलं. तिचं ते पहिलं निदान. भाऊजींनी सदरा खाली घेतला. मग म्हणाले, "उद्या परत बघ. वाढली की सांग."

ती रोज बघायची आणि रोज खरं सांगायची. पुढे त्यांचं विचारणं बंद झालं. तरी तिचा हात लागला की डोळे न उघडता ते पोट ढिलं सोडायचे.