मेहेरबाईंचा मुकादम

नव्वदच्या दशकाच्या शेवटी बोईसरच्या आमच्या रसायन कारखान्यात कॉम्प्युटर आले, आणि मी त्यावर केलेलं पहिलं काम म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या मेहेरबाईंचा पडदा साफ करणं. बाई जेवायला गेल्या होत्या. पडद्यावर उघड्या फोल्डरांच्या खिडक्यांची नुसती दाटी. खोलीतून निघताना दिवा-पंखा बंद करावा, ही आमच्या उमरोळीच्या घरची शिस्त. त्याच शिस्तीने मी एकेक खिडकी बंद केली आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

बाई सातपाटीच्या कोळीवाड्यातल्या. साहेबांशी पुस्तकी मराठी, आमच्याशी घरची. जेवून परत आल्यावर शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, बाजारात कुना बाईची टोपली उचलून बघ एकदा. हात जाग्यावर राहनार नाय."

त्यांची आई मासळी विकायची. बाजारात प्रत्येकीची जागा ठरलेली. आई तापाने अंथरुणावर होती तेव्हाही तिच्या जागेवर दुसरी कुणी बसली नाही. बाईंनी पडदा तसाच मांडला होता, दर गिऱ्हाइकाच्या फोल्डरला ठरलेली जागा. कायम घाईत असणारा सुरतवाला डावीकडे वर, वापीवाले त्याच्याखाली, आणि प्रत्येक मालात खोट काढणारा अंकलेश्वरवाला पार कोपऱ्यात. "त्याला मधी बसवला तर बाकीची गिऱ्हाइकं पळतील," असं त्या अगदी गंभीरपणे सांगत.

संध्याकाळी मशीन बंद केलं की हा बाजार उठायचा. मग दुरुस्तीला येणाऱ्या माणसाने एका फ्लॉपीवरून छोटासा प्रोग्राम टाकून दिला. कुठली खिडकी कुठे होती हे तो लक्षात ठेवी आणि सकाळी एका बटणावर सगळ्यांना कालच्याच जागी आणून बसवी. बाईंनी त्याचं नाव ठेवलं मुकादम. सकाळी आल्या आल्या म्हणायच्या, "मुकादमानं मानसं बसवली. आता चहा सांगा कुनीतरी."

एक दिवस मुंबई ऑफिसचा माणूस आला आणि बाहेरचे सगळे प्रोग्राम काढून गेला. मुकादमही गेला. दुसऱ्या दिवशी सुरतेचा टँकर फाटकाशी उभा. प्रयोगशाळेने दिलेला मालाच्या तपासणीचा दाखला शोधून छापायचा, एवढंच बाईंचं काम. पण खिडक्या एकावर एक पडलेल्या. बाईंनी नाक पडद्याला टेकवलं, मग मागे सरकल्या. आवाज खाली आणून मला विचारलं, "यातला सुरतवाला कुठचा रे?"

नाव त्यांच्या डोळ्यांसमोर ठळक अक्षरांत होतं.

मी बोट ठेवलं. दाखला छापला, टँकर गेला. मग बाईंनी सांगितलं. रोज इन्सुलिन टोचूनही साखरेच्या आजाराने डोळे उतरत चालले होते; कित्येक महिने त्या नावं न वाचता जागेवरूनच काम करत होत्या. नवरा गेल्यावर होडी विकलेली, मुलगी हॉस्टेलवर, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. "कळलं तर घरी बसवतील. पोरीचं मधीच राहील."

मी म्हटलं, मी रोज वाचून दाखवेन. "तुझ्या बोटानं किती दिस चालनार? मुकादमच परत मागते," त्या म्हणाल्या. त्या उठल्या आणि स्वतःच साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं. डोळ्यांचं त्यांनी सरळ सांगून टाकलं. साहेब म्हणाले, डोळ्यांचं आपण बघू, पण बाहेरचा प्रोग्राम आता चालत नाही. त्यावर बाई साहेबांसमोर पहिल्यांदाच घरच्या बोलीत बोलल्या.

"साहेब, मुकादम बाहेरचा हाय. पन मी तर आतली हाय ना?"

साहेबांनी मुंबईला फोन लावला. मुकादम परत आला. बाईंना उपचारांसाठी रजाही मिळाली. दृष्टी आणखी जायची थांबली, गेलेली काही परत आली नाही. मुलगी पालघरच्या दवाखान्यात कामाला लागली, त्यानंतरच बाईंनी नोकरी सोडली. आता त्या नाहीत.

पण केबिनमधलं ते सगळं घडलं त्या संध्याकाळी मी भलताच फुशारून घरी आलो होतो. बाईंच्या डोळ्यांचं ऑफिसात सगळ्यात आधी मला कळलं, हे बायकोला दोनदा सांगितलं. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"अहो, पोरगी तिकडे हॉस्टेलवर. मग घरी त्यांना इन्सुलिन कोण मोजून देतं?"